जिवल्याची उरलेली शिफ्ट

बसा भाऊ. लाइट आता तासाभराशिवाय यायची नाही. तिकडे तारापूरला अणूची वीज होते आणि इकडे आमच्या नशिबी कंदील. चालायचंच. त्या स्टुलावर नका बसू, त्याचा एक पाय लंगडा आहे. इथे खाटेवर बसा. अरे, पाहुण्यांना पाणी दे रे!

तर तुम्ही पालघरहून मशीन बघायला आलात. नलूताईकडे व्हिडिओ गेमचं जुनं मशीन पडलंय, स्वस्तात देऊन टाकेल, असं कुणी सांगितलं तुम्हाला? त्याचं तोंड एकदा बघायचंय मला. मशीन आहे. ते काय कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, चादरीखाली. पण विकायचं नाही.

घ्या, पाणी आलं. हा भगवंत, माझा धाकटा भाऊ.

"घ्या तुमी. माठातलं हाय, गार."

जा रे, तू आत बस. हं. का विकायचं नाही ते ऐकल्याशिवाय तुम्ही काही उठणार नाही, तोंडावर दिसतंय तुमच्या. सांगते. पण चादरीला हात लावायचा नाही, काय?

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. वडील इथे कामाला आले, तेव्हा भगवंत पाळण्यात होता. तो पाच वर्षांचा असताना आई गेली, मग त्याचं न्हाऊमाखू, दुखणंखुपणं सगळं माझ्याकडे. पुढे माझं लग्न झालं. नवऱ्याने हे मशीन आणलं, या पुढच्या खोलीत दुकान म्हणून बसवलं आणि सहा महिन्यांनी दुबईला गेला तो तिकडचाच झाला. मला म्हणायला उरले हे मशीन आणि भगवंत. मशीन गेलं असतं तरी चाललं असतं.

गेमचं नाव इंग्रजीत काहीतरी लांबलचक होतं. आमची पोरं त्याला तोडफोड म्हणायची. दोन मारेकरी, एक काळा आणि एक पांढरा. दोघांनी एकमेकांची सुपारी घेतलेली. कधी काचेच्या महालात, कधी जहाजावर, कधी किल्ल्यात त्यांची मारामारी. गंमत अशी की लाथ भिंतीवर बसली की भिंत पडायची, खांबाला बसली की छप्पर खाली. मारामारी संपेपर्यंत तिथे दगडावर दगड राहायचा नाही. असे आठ आखाडे होते. आठ. हे लक्षात ठेवा.

भगवंत एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत हेल्पर होता. कंपनीचं नाव मी घेणार नाही. जांभळ्या रंगाची पावडर व्हायची तिथे. आंघोळ केली तरी नखं जांभळीच. त्याच्या जोडीला जिवल्या होता. मनोरच्या पलीकडचा, डोंगरातला. घरी पावसावरची एवढीशी शेती, म्हणून इथे नोकरीला. इथे जवळच पाम गावात खोली घेऊन राहायचा आणि दर सुट्टीला गावी पळायचा. नवसी, त्याची बायको, तिकडे पोटुशी होती. पहिली शिफ्ट सुटली की दोघे तीन वाजता इथे हजर. भगवंत काळा, जिवल्या पांढरा. जिवल्याच जिंकायचा. जिंकला की माझ्याकडे बघून म्हणायचा, "नलूबाय, तुजा भाव नुस्ता भिती तोडतो, मानूस नाय मारत!" आणि मग दोघे हसत सुटायचे. गुणाचं पोर होतं हो ते.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. दुपारचे बारा, दुकानात चिटपाखरू नाही. मी ओल्या फडक्याने मशीनची काच पुसत होते. कुणी खेळत नसलं की आतले दोघे आपले आपण लढत राहतात, तसे ते लढत होते. जहाज झालं, किल्ला झाला. मग जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

निळी पिंपं. लोखंडी जिना. एक उंच भिंत, तिला पोट सुटलेलं. टाकीवर वाळलेलं झेंडूचं तोरण. दसऱ्याला कंपनीत घरच्यांना आत सोडतात, मशिनांची पूजा असते. मी गेले होते. ते तोरण बांधताना भगवंतला स्टूल मीच धरून दिलं होतं. भिंतीवर घड्याळ होतं, पाच वाजून दहा मिनिटं. शेजारच्या कॅलेंडरवर सतरा तारीख.

आणि काळ्याच्या डोक्याला लाल चौकड्यांचा पंचा होता. भगवंतचा.

पांढरा त्याला हात लावत नव्हता. नुसता उभा होता. काळ्याने वर पाहिलं... आणि ती भिंत अख्खी त्याच्यावर आली. बटण कुणी दाबलं नव्हतं, आवाजही आला नाही. नाकात मात्र ओला चुना आणि तो कंपनीचा आंबट वास शिरला. मी हातातलं फडकं बघितलं. जांभळं झालं होतं.

आता म्हणाल, बाई दुपारची डुलकी काढत होती. मीही स्वतःला तेच सांगितलं. पण दुसऱ्याच दिवशी सतरा तारीख होती आणि भगवंतला दुसरी शिफ्ट होती, तीन ते अकरा.

त्याला खरं सांगितलं असतं तर तो हसला असता. मी थाप मारली. म्हटलं, उद्या माहीमहून मुलीकडचे तुला बघायला येताहेत, घरी राहायचं. रजा मिळेना. मग त्याने कंपनीतली नेहमीची वाट धरली. तिथे पोरं आपसात शिफ्ट बदलायची. ऑफिसात कळवायचं नाही, ज्याची शिफ्ट त्याच्याच कार्डावर दुसऱ्याने काम करायचं. आणि ज्याने केली त्याची एक शिफ्ट नंतर फेडायची. ही फेड कधी कुणी बुडवली नाही. तेवढा एक धर्म होता त्यांच्यात.

त्याच संध्याकाळी जिवल्या इथेच, शटरपाशी उभा होता. म्हणाला, "तू घरी थांब, पावने बग. माजी पयली करून तुजी दुसरीबी करतो. पन माजी शिफ्ट फेडायची हां. शिमग्याच्या आदल्या दिवशी. नवसीचं पोर बगायला मला लवकर जायचं हाय."

"फेडीन. शब्द दिला," भगवंत म्हणाला.

मी तिथेच होते, भाऊ. चहा गाळत होते. उद्या पाच वाजून दहा मिनिटांनी त्या भिंतीखाली कोण असणार ते मला ठाऊक होतं. नको रे जिवल्या, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी त्याच्या चहात साखर जास्त घातली. बस, तेवढंच केलं. देव मला क्षमा करणार नाही आणि मी मागणारही नाही.

दुसऱ्या दिवशी भगवंत इस्त्रीचा शर्ट घालून पाहुण्यांची वाट बघत बसला. पाच वाजून दहा मिनिटांनी जमीन हादरली. फळीवरचे डबे वाजले. तो अनवाणी धावत सुटला.

टाकी फुटली होती आणि भिंत बसली होती. गेटवर यादी लागली. मेलेल्यात एकच नाव, भगवंत, कार्ड नंबर चारशे बारा. बायका माझ्या गळ्यात पडून रडायला आल्या आणि भगवंत माझ्या शेजारी उभा! त्यानेच ऑफिसात जाऊन खरं सांगितलं. तर साहेब म्हणाला, जिवल्याचं कार्ड तीन वाजता बाहेर पडलंय, तो त्या वेळी कामावर नव्हताच. म्हणजे बघा, मेला तोही दुसऱ्याच्या नावावर.

पुढे तो प्लांट बंदच पडला. भगवंतला दुसरीकडे गोदामात घातलं. नखांचा रंग हळूहळू निघून गेला, पण पोरगा सुकत चालला. रोज तीन वाजता येऊन मशीनसमोर उभा राहायचा, एकटाच. मी विचारलं तर म्हणायचा, "एकटा कुठे? तो येतो ना."

एकदा मी मागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर तोच नववा आखाडा. भिंत आधीच पडलेली. ढिगाऱ्यात पांढरा उभा. आणि भाऊ, इकडे मशीनवर त्याच्या बाजूची, खेळायची दांडी... हलत होती. त्या बाजूला कुणी नव्हतं.

"ताई, तो मारत नाही गं," भगवंत हळूच म्हणाला. "नुसता घड्याळाकडे बघतो. शिमगा कधी आहे?"

मी त्या दिवशी मशीनची वायर विळीवर कापली. आता गेमही नाही आणि काही नाही, असं मला वाटलं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी हा पहाटेच उठला. आंघोळ केली, तो लाल पंचा डोक्याला बांधला. म्हणाला, "जिवल्याची पहिली शिफ्ट आहे, सात ते तीन. शब्द दिलाय." त्या पडक्या, बंद प्लांटमध्ये हा जाणार! मी रडले, पाया पडले, शेवटी संतापून त्याला या खोलीत ढकललं आणि शटर ओढून कुलूप लावलं. तेव्हा या खोलीला शटर सोडून दार नव्हतं. किल्ली ब्लाउजात ठेवली आणि बाहेर पायरीवर बसले. एकदा भावाला वाचवलं होतं, आता दुसऱ्यांदा वाचवीन. एवढंच डोक्यात होतं.

सातला कंपनीचे भोंगे झाले. आतून बटणांचा आवाज यायला लागला. टकटक, टकटक. वायर तुटलेल्या मशीनची बटणं. आधी एका बाजूची, मग दोन्ही बाजूंची. मी हाका मारल्या. "भगवंता... ऐकतोस का रे?"

आतून तो म्हणाला, "काम चालू आहे ताई."

मग दहा वाजले, बारा वाजले. शटरखालून तो आंबट वास यायला लागला. कुलूप काढायचा धीर होईना. उघडलं तर तो पळेल, ही भीती. अडीचच्या सुमारास काहीतरी मोठं कोसळल्याचा आवाज झाला... आणि बटणं थांबली.

मी तीनचा भोंगा होईपर्यंत थांबले. मूर्ख बाई मी. शिफ्ट पुरी होऊ दे, म्हणजे सुटेल, असं वाटलं मला.

शटर उचललं. खोलीत एक खिळासुद्धा हलला नव्हता. हा जमिनीवर बसला होता, मशीनला टेकून. केसांत चुना, विटांची भुकटी. नखं गडद जांभळी. पण जिवंत! मी त्याला उराशी धरलं, तोंडावरून हात फिरवला, देवाचे आभार मानले. म्हटलं, फिटली रे बाबा, फिटली तुझी शिफ्ट.

त्याने माझ्याकडे बघितलं. ओळखीचंच बघणं, पण भावाचं नव्हतं. म्हणाला, "सुटली का शिफ्ट, नलूबाय? मंग मी निंगतो. नवसी वाट बगते."

आणि एसटी पकडून तो डोंगरात गेला. वाट कुणाला विचारली नाही. जन्मात कधी गेला नव्हता तिकडे. मी मागोमाग गेले होते. नवसी अंगणात तान्हं पोर घेऊन बसली होती. तिने ह्याला पाहिलं, जराशी दचकली. मग पोर त्याच्या हातात दिलं आणि भाकरी टाकायला आत गेली. मला तिने काहीच विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. तिचं माणूस मी घेतलं होतं. काय तोंडाने बोलणार?

आता महिन्यातले पंधरा दिवस तो तिकडे असतो, पंधरा दिवस इथे. माझं सगळं करतो. मघाशी पाणी दिलं ना तुम्हाला, तोच. धुळ्याच्या आमच्या घरातलं कुणी कधी 'हाय' म्हटलेलं ऐकलं नाही मी.

त्या दिवशी त्याच्या खिशात हे कार्ड निघालं. कंदील जवळ घ्या. नाव वाचा, जिवल्या. तारीख शिमग्याच्या आदल्या दिवसाची. कार्डावर छाप मारायचं त्या प्लांटचं घड्याळ तर जानेवारीतच भिंतीखाली चिरडलं होतं. बघा, आत आल्याचा छाप सातचा आहे.

बाहेर पडल्याचा छाप कुठे आहे? तीनच्या रकान्यात बघा. नाही ना?

म्हणून मशीन विकत नाही, भाऊ. माझा भगवंत अजून बाहेर पडलेला नाही. कुणी नेऊन खोललं, मोडलं, तर तो यायचा कुठून?

अहो, तिकडे काय बघताय? कंदील इथे आहे. तो चादरीखालचा उजेड कंदिलाचा नाही.

वायर कापून दोन वर्षं झाली. रोज तीन वाजता मी भिंतीकडच्या फटीत शिरून, चादरीत डोकं घालून हाक मारते. काळा उभा असतो, डोक्याला पंचा, त्या ढिगाऱ्यात. भिंत पुन्हा कुणीतरी उभी करत असतं, पुन्हा त्याच्यावर पाडायला. आज ती त्याच्या खांद्याच्या वर गेली होती.