दुसऱ्या फोनवर सुरू आहे

ही गोष्ट खरी आहे. रचून सांगायची असती तर अमावस्येची रात्र घेतली असती, पिंपळ घेतला असता. इथे तसलं काही नाही. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एक बौद्धवाडी आहे. पावसाळ्याचा मध्य. दिवेलागण व्हायची होती, पोरं अजून बाहेर चिखलात खेळत होती.

उज्वला पाण्याच्या टाकीजवळ उभी होती. अख्ख्या वाडीत मोबाईलला रेंज येते ती तेवढ्याच जागी. तीही दोन काड्या.

तिने गाणं लावलं.

गाणं सुरू झालं...

आणि थांबलं.

*हे अकाउंट दुसऱ्या फोनवर सुरू आहे.*
*अरविंदचा फोन.*

अरविंद म्हणजे तिचा नवरा. आणि अरविंद तीन आठवड्यांपासून बेपत्ता होता.

*

अरविंद प्लंबर. महाबळेश्वरच्या हॉटेलांत नळजोडणीची कामं करायचा. रोज सकाळी मोटरसायकलने आंबेनळी घाट चढायचा, संध्याकाळी उतरायचा. एका संध्याकाळी तिकडून निघाला आणि इकडे पोचलाच नाही.

माणूस नाही. गाडीही नाही.

दरड आली होती तिथे शोधलं. कठडा तुटला होता तिथे दोर सोडून पाहिलं. काही मिळालं नाही. मग पोलीस ठाण्यात एका साहेबाने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "बाई, घरात काही वाद? दुसरीकडे कुठे... समजलं ना?"

उज्वलाला समजलं. तोवर वाडीलाही समजलं होतं. नळावर बायका ती आली की गप्प व्हायच्या.

"माझा झिल पळायचा नाय," सासू सोनाबाई ज्याला-त्याला सांगायची. "त्याला रस्ता चुकला असंल. येईल तो."

रोजच्या वाटेवर कुणी रस्ता चुकतं का? पण म्हातारीला हे कोण विचारणार.

*

आता गाण्यांचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

नवराबायकोत गाण्यांचं अकाउंट एकच. फोन दोन. एका वेळी एकाच फोनवर वाजणार. दुसऱ्याने लावलं की पहिल्याचं बंद. लग्न झाल्यावर त्यावरून रोज भांडण व्हायचं. तो हॉटेलच्या मोरीत पान्हा लावून बसलेला, कानात मस्त कव्वाली, आणि इकडे ही भाकऱ्या थापताना गाणं लावायची. त्याची कव्वाली गप्प.

मग अरविंदनेच युक्ती काढली. वीरच्या रेल्वे स्टेशनला कुणाला गाडीत बसवायला गेला की तिथल्या फुकट वायफायवर गाणी उतरवून आणायची. दोघांच्या फोनमध्ये. मग डेटा बंद करून ऐकायचं. डेटा बंद असला की अकाउंटला कळतच नाही तुम्ही ऐकताय ते.

"तू डेटा बंद ठेव गो," तो म्हणायचा. "म्हणजे दोघांनाही ऐकता येतंय."

म्हणून उज्वलाचा डेटा कायम बंद असायचा.

त्या संध्याकाळी तिने तो चालू केला. आता बंद ठेवायचं कारणच उरलं नव्हतं...

आणि फोन म्हणाला, अरविंद ऐकतोय.

*

ती धावत घरी गेली. सासूला सांगितलं नाही. महाडला कंपनीत असलेल्या दिराला, अश्वजितला, पुन्हा टाकीपाशी येऊन फोन लावला.

"वहिनी, अकाउंट हॅक केलं असंल कुणीतरी."

"हॅक करून बेंजो ऐकत बसलाय?"

"कुठलं गाणं?"

"बेंजोचं. हळदीत नाचतात ते. आणि भावोजी... त्याच्यामागून ते रडकं गाणं लागलं. मग कव्वाली. आता बासरी."



"ही तर दादाची घाटातली गाणी," अश्वजित म्हणाला.

अरविंदने घाटासाठी गाणी लावून ठेवली होती. एकामागे एक, ठरलेली. प्रतापगडच्या फाट्याला बेंजो लावायचा. झऱ्याच्या वळणाला तो संपायचा. रडकं गाणं चहाच्या टपरीपर्यंत. मग कव्वाली, मग बासरी. घाटाखालचं कापडं गाव आलं की साक्षीचं, म्हणजे लेकीचं, चिमणीचं गाणं. आणि शेवटी त्यांच्या लग्नातलं हळदीचं गाणं. ते संपेस्तोवर गाडी दारात. एका कानात वायर, दुसरा कान हॉर्नसाठी मोकळा. घड्याळ बघायची गरजच नव्हती. गाण्यावरून त्याला कळायचं आपण कुठे आहोत.

उज्वला पडद्याकडे बघत होती. बासरीची रेघ पुढे सरकत होती. निम्मी झाली. निम्म्याच्या थोडी पुढे गेली...

थांबली.

मग काहीच नाही.

मग, पुन्हा पहिल्यापासून, बेंजो.

*आजचा डेटा संपला आहे.*

*

दुसऱ्या दिवशीही तसंच. तो कामावरून सुटायचा ती वेळ झाली की बेंजो. मग बासरी. बासरी त्याच जागी थांबायची.

तिसऱ्या दिवशीही.

पोलिसांनी सांगितलं, नंबर त्या दिवसापासून बंद आहे. शेवटची रेंज प्रतापगडच्या फाट्याला. पुढे घाटात रेंज नसतेच. "ॲप आहे ते. ॲप काहीही दाखवतं."

पडद्यावर खाली एक बटण यायचं. *या फोनवर ऐका.* दाबलं की गाणं तिच्याकडे येणार.

आणि त्याच्याकडचं बंद होणार.

तिने एकदाही दाबलं नाही.

"भावोजी, मला घाटात न्या," ती म्हणाली. "बासरी थांबते तिथं."

*

अश्वजित सुट्टी टाकून आला. दुपारीच निघाले. पोलादपूरच्या स्टँडवर बातमी होती. मोठ्या पावसाचा इशारा, उद्यापासून घाट बंद. किती दिवस, माहीत नाही.

म्हणजे आजच.

घाटात रेंज नाही, तेव्हा गाणी फोनमध्ये उतरवून न्यायला हवी. ती गाणी अरविंदच्या फोनमध्ये होती. उज्वलाच्या फोनमध्ये साक्षीची बडबडगीतं. आणि उज्वलाचा डेटा सकाळीच संपलेला. टाकीपाशी उभी राहून रिकामा पडदा बघत बसली होती ती.

स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात अंकिता नावाची मुलगी बसते. तिने आपलं हॉटस्पॉट दिलं.

*फोनमध्ये जागा नाही.*

"ताई, काहीतरी पुसा," अंकिता म्हणाली. "फोन पार तुडुंब भरलाय. ह्या सुप्रभातच्या गुलाबांनीच निम्मी जागा खाल्लीय."

उज्वलाने गुलाब पुसले. बडबडगीतं पुसली. साक्षीच्या अंगणवाडीचे फोटो पुसले.

*फोनमध्ये जागा नाही.*

आता फक्त व्हिडिओ राहिले होते. अरविंदचे.

"ते नका पुसू," अंकिता घाईने म्हणाली. "उद्या या. लाईट आली की कॉम्प्युटरवर घेऊन ठेवते. माझ्या फोनमध्ये पण जागा नाय, नायतर..."

"उद्या घाट बंद हाय."

बाहेरून अश्वजितने हॉर्न दिला. डोंगरावर ढग उतरत होते.

*व्हिडिओ कायमचा पुसायचा?*

साक्षीचा वाढदिवस. तो केक कापताना ओरडतोय, अगं फुंकर मार, थुंकू नको.

*होय.*

*व्हिडिओ कायमचा पुसायचा?*

नवी गाडी आणली तो दिवस. तो हाराला लिंबू बांधत नाही म्हणून शेजारी चिडवतायत, तो हसतोय.

*होय.*

*व्हिडिओ कायमचा पुसायचा?*

शेवटचा. यात तो दिसतच नाही. कॅमेरा त्याच्याच हातात आहे. चूल, धूर, ती स्वतः पाठमोरी. आणि त्याचा आवाज. "ए उज्वला. इकडं बघ. ए. बघ की गो."

ती बघत नाही त्या व्हिडिओत. चपात्या करत होती.

*होय.*

*

ते प्रतापगडच्या फाट्यापर्यंत घाट चढून गेले. तिथे अश्वजितने गाडी वळवून तोंड खाली केलं.

उज्वलाने डेटा बंद केला. घाटात रेंज नाही, तरी केला.

"कशाला?" अश्वजितने विचारलं.

"त्यांचं बंद पडायला नको."

तिने एक वायर स्वतःच्या कानात घातली. बेंजो लावला.

"दादाच्या स्पीडने चालवा."

"दादा बैलगाडीसारखा चालवायचा."

"मग तशी चालवा."

बेंजो संपला. समोर झऱ्याचं वळण. बरोबर.

रडकं गाणं संपलं. बंद टपरी. बरोबर.

कव्वालीत धुकं आलं. रस्ता दहा पावलांच्या पुढे दिसेना. 

बासरी.

तिने डोळे मिटले. बासरीत शब्द नसतात, म्हणून ती रोज पडद्यावरची रेघ बघत आली होती. पण आता तिला सूर पाठ झाला होता. इथे वर जातो. इथे वळतो. इथे...

"थांबा!"

गाडी थांबली.

काही नव्हतं. कठडा धड होता. म्हणूनच इथे कुणी शोधलं नव्हतं. कठड्याला पाणी जायला एक जुनी फट सोडलेली, तिच्यावर झुडपं माजलेली. त्या फटीतून एक मोटरसायकल जाऊ शकते, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

अश्वजितने गाडी बंद केली. पाणी ठिबकत होतं. एकही पाखरू ओरडत नव्हतं.

उज्वलाने फोनवरची बासरी बंद केली. कानातली वायर काढली.

बासरी चालूच होती...

खालून येत होती. झुडपांच्या खालून, धुक्यातून. बारीक. पत्र्याच्या डब्यातून यावी तशी. तिच्या गाण्याच्या किंचित मागे, जणू कुणी सोबत चालता चालता एक पाऊल मागे राहिलंय.

"वहिनी," अश्वजित कुजबुजला. "तुमचा बंद केला ना?"

तिने त्याला फोन दाखवला.

मग खालची बासरीही थांबली. नेहमीच्याच जागी.

*

भाजीच्या टेम्पोवाल्याबरोबर निरोप खाली गेला. अंधार पडायच्या आत दोर घेऊन दरीत उतरणारी पोरं आली. गाडी सापडली. अरविंद सापडला.

डॉक्टर म्हणाले, पडला त्याच दिवशी गेला. फार वेळ लागला नसेल.

फोन शर्टाच्या खिशात होता. पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. मधोमध तुटलेला. वायर एका कानात तशीच होती.

"पळाला नव्हता माझा झिल," सोनाबाई सगळ्यांना सांगत सुटली. "बघितलात ना? घरीच येत व्हता." नळावरच्या बायका भेटायला आल्या आणि खाली मान घालून बसल्या.

पुण्यानुमोदन झालं. भंतेजी आले, वंदना झाली, माणसं आपापल्या घरी गेली. पोलिसांनी तुटका फोन परत दिला. उज्वलाने तो कपाटात, त्याच्या फोटोमागे ठेवला.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

*

त्यानंतर एका संध्याकाळी ती पाणी भरायला टाकीवर गेली. सवयीने डेटा चालू केला.

*दुसऱ्या फोनवर सुरू आहे.*
*अरविंदचा फोन.*

बेंजो. रडकं गाणं. कव्वाली.

बासरी.

रेघ निम्म्याच्या थोडी पुढे गेली. उज्वलाने फोन डोळ्यांजवळ आणला...

रेघ थांबली नाही.

बासरी पहिल्यांदाच पूर्ण झाली. मग चिमणीचं गाणं लागलं. म्हणजे कापडं.

भरलेला हंडा तिथेच टाकून ती घरी आली. कपाट उघडलं. फोन तसाच होता, दोन तुकडे, काच चुरा झालेली. हात लावला. थंड.

अश्वजित म्हणाला, "वहिनी, अकाउंट बंद करून टाका. आजच्या आज."

तिने बंद केलं नाही. उलट पुढच्या महिन्याचं भरून टाकलं.

आता ती रोज संध्याकाळी टाकीवर असते. डेटा दुसऱ्या कशालाही वापरत नाही, साक्षी कितीही रडली तरी नाही. दिवसभर जपून ठेवते आणि या वेळेला चालू करते. चिमणीचं गाणं संपतं. हळदीचं सुरू होतं. रोज थोडं थोडं पुढे. हमरस्ता सुटला. ओढ्यावरची मोरी आली. काल रेघ जिथे थांबली, तिथे वाडीची चढण सुरू होते.

शेवटच्या दोन ओळी राहिल्यात गाण्याच्या.

पडद्यावर ते बटण असतंच. *या फोनवर ऐका.* दाबलं की तो तिथेच थांबेल, चढणीखाली. अश्वजित रोज फोन करून विचारतो, दाबलंत का? ती अंगठा बटणावर नेते. मग तिला चुलीपाशी पाठमोरी बसलेली स्वतः दिसते, आणि मागून त्याचा तो आवाज... तो मात्र तिला आता नीट आठवत नाही. शब्द आठवतात. आवाज नाही. 'होय' दाबून तिने स्वतःच पुसलाय तो.

अंगठा मागे येतो.

काल ती घरी आली तेव्हा सोनाबाई उंबऱ्यात बसली होती.

"दार लावू का गो?" म्हातारीने विचारलं.

उज्वलाने मागे वळून चढणीकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. फोन तिच्या हातात होता, डेटा बंद, रेंज नाही.

"थोडा वेळ राहू द्या," ती म्हणाली.

आणि लगेच म्हणाली, "नको... लावा."

दार अजून तसंच अर्धं उघडं आहे.