बाहेर पडल्याची खूण

विमानावर वीज पडली म्हटलं की लोक देवाचा धावा सुरू करतात, याचा भिंगवाल्यांना भारी राग यायचा. तीस वर्षं ते विमानतळावर तपासनीस होते, आणि खिशात कायम भिंग असायचं म्हणून हे नाव. "अहो, वीज काय आज पडायला लागली?" ते म्हणायचे. "प्रत्येक विमानाला वर्षा-दोन वर्षांत एखादा फटका बसतोच. नाकाशी शिरते, पत्र्यावरून धावते, शेपटीतून नाहीतर पंखाच्या टोकातून निघून जाते. आत बसलेल्याच्या केसालाही धक्का लागत नाही."

त्यांच्या खात्याचा रिवाजही त्यावरच बेतलेला. वीज खाऊन आलेल्या विमानाभोवती फिरायचं. ती शिरली तिथं लाल खडूचा गोल, निघाली तिथं निळ्याचा. दोन्ही गोल झाल्याशिवाय कागदावर सही नाही, आणि सहीशिवाय चाक हलायचं नाही. आलेली गेली पाहिजे, एवढा साधा हिशोब.

त्या दिवशी सकाळी नऊ चाळीसला, ढगातून उतरताना, एका छोट्या विमानाला असाच फटका बसला. आत बासष्ट उतारू आणि दोन हवाई सुंदऱ्या होत्या. त्यांतली एक भिंगवाल्यांची एकुलती एक लेक, ठमी.

विमान सुखरूप उतरलं. उतारूंना पुढं जायचं होतं, म्हणून त्यांना हॉलमध्ये बसवलं. ठमी बापाच्या खोलीत येऊन टेकली. भिंगवाल्यांनी तिला डोळे भरून पाहिलं, घरी बायकोला फोन लावला. "अगं, ठमी माझ्यासमोर बसून चहा पितेय. उगाच जीव टांगणीला लावू नकोस." मग ते कामाला लागले.

लाल गोल पाच मिनिटांत झाला. नाकाखाली मोहरीएवढे चार काळे खळगे होते, नेहमीसारखेच.

निळा काही होईना. शेपटी पाहिली, दोन्ही पंखांची टोकं पाहिली, वीज सोडायला पंखांच्या मागच्या कडेला लावलेल्या बारीक सळया एकेक करून बोटांनी चाचपल्या. शिडी लावून पाठ पाहिली, ओल्या जमिनीवर आडवं होऊन पोट पाहिलं. असं तीनदा झालं. पत्रा आरशासारखा स्वच्छ. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दीड वाजता साहेबांचा फोन आला, "अहो, सापडली की नाही? लोक ताटकळलेत." भिंगवाले म्हणाले, "साहेब, आत गेलीय, बाहेर आलेली नाही." साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला.

भिंगवाले खोलीत परतले. खोली म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, लोखंडी कपाट आणि फळीवरचा जुना रेडिओ. ठमी भिंतीला टेकून बसली होती.

"बाबा, माझे दात गुणगुणतायत," ती म्हणाली. "मघापासून. डास कानाशी असावा तसं."

"दमली असशील." ते पाणी द्यायला पुढं झाले. तिची बोटं स्टीलच्या पेल्याला लागली आणि चटकन ठिणगी उडाली. हवेतली स्थिर वीज, भिंगवाल्यांनी मनात म्हटलं. तिचं घड्याळ नऊ चाळीसला थांबलं होतं. सेल संपला असेल. रेडिओ ती हलली की खरखरायचा. ढगाळ हवा. पोरीचा हात बर्फासारखा लागला. दिवसभर एसीत असतात ही पोरं.

कारणांना काही तोटा नव्हता. पण मग त्यांची नजर वर गेली. ट्यूबचं बटण बंद होतं. ठमीच्या डोक्यावरच्या टोकाला मात्र ट्यूब मंद पेटली होती.

निळा गोल कुठं काढायचा होता ते त्यांना कळलं. विमानावर जागाच नव्हती त्याला.

आणि कळल्याबरोबर त्यांना फक्त भीती वाटली. एवढी वीज एकदम निघाली तर पोरीला जाळत निघेल. पाय ओल्या जमिनीला लागला, लोखंडी दाराची कडी हाताला लागली, की संपलं. "ठमे, जागची हलू नकोस. बूट काढायचे नाहीत. कशाला हात लावायचा नाही."

"बाबा, काय झालंय तुम्हाला?"

"गप्प बस म्हणतो ना!" असं ते तिच्यावर कधी ओरडले नव्हते. आवाज फाटला होता त्यांचा.

त्यांनी विचार केला तो आपल्या धंद्यातलाच. तेलाच्या टँकरला विमानाजवळ आणलं की आधी तार लावतात. एक चिमटा टँकरला, दुसरा जमिनीतल्या सळईला, म्हणजे साठलेली वीज हळूहळू, न भडकता उतरून जाते. तीस वर्षांत हजारदा तरी केलेलं काम. ते धावत गेले आणि तारेचं भेंडोळं घेऊन आले.

दारात ठमीची जोडीदारीण उभी, ती दुसरी हवाई सुंदरी. वीज पडली तेव्हा दोघी शेजारी बसल्या होत्या. "काका, हे काय?"

ठमीच हसून म्हणाली, "बाबांना मी टँकर वाटतेय. वीज उतरवणार आहेत माझी."

"मग बरं वाटलं तर सांग हं," म्हणत जोडीदारीण हॉलकडं गेली.

भिंगवाल्यांनी एक चिमटा खिडकीबाहेर जमिनीत पुरलेल्या सळईला लावला. दुसरा हातात धरला, पण तो पुढं नेववेना. तिसरीत असताना तिला सायकल शिकवली होती, तेव्हाही सीटवरचा हात असाच सोडवत नव्हता. "बाळ, दुखलं तर लगेच ओरड."

चिमटा तिच्या सोन्याच्या कांकणाला बसला.

ठिणगी नाही. आवाज नाही.

रेडिओची खरखर बारीक होत गेली. ट्यूबचा उजेड कडेकडेनं विरत गेला. भिंगवाले श्वास रोखून बघत होते.

"थांबलं बाबा," ठमी म्हणाली. "किती शांत वाटतंय."

"वाटतंय ना? बघ! सांगितलं नव्हतं मी?" त्यांना रडू फुटलं आणि हसूही. आलेली गेली. लेक वाचली.

ट्यूब विझली.

ठमीची मान छातीवर आली.

"ठमे?"

त्यांनी तिला हलवलं. चिमटा ओढून काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. गालावर चापट्या मारल्या. मग ते इतक्या मोठ्यांदा ओरडले की शेडमधले लोक धावत आले आणि कुणीतरी डॉक्टरांना बोलावलं.

विमानतळाचे डॉक्टर वाकले, डोळे पाहिले, हात वर उचलू गेले. हात वाकेना.

"केव्हा झालं हे?"

"आत्ता. दोन मिनिटं नाही झाली."

डॉक्टरांनी दुसराही हात चाचपला. मग त्यांनी लोकांना मागच्या दारानं बाहेर काढलं. "हे बघा," ते हळू आवाजात म्हणाले, "अंग पार ताठलंय. हिला जाऊन चार-पाच तास झाले असतील. सकाळीच गेलीय ही."

"तिनं माझ्यासमोर चहा घेतला हो."

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि चादर आणायला मागच्या दारानं गेले.

भिंगवाले उभे राहिले. नऊ चाळीसलाच गेली होती. मग चालत होतं, बोलत होतं, बापाला हसत होतं ते कशाच्या जोरावर? आणि ते कुणी उतरवलं? आपल्याच हातानं, चिमटा लावून. घरी कोणत्या तोंडानं फोन करायचा?

पुढच्या दारावर हलकी टकटक झाली. त्यांनी दार अर्धवट उघडलं आणि आतलं दिसू नये म्हणून अंगानं अडवलं.

ठमीची जोडीदारीण होती. आतली गोष्ट तिच्या कानावर गेलेली दिसत नव्हती.

"काका, तिला बरं वाटलं का? मग मलाही लावा ना ती तार. दात गुणगुणायचे थांबतच नाहीत." मग ती जरा ओशाळून म्हणाली, "हॉलमध्ये सगळ्यांचंच तसं होतंय. म्हणून मी सगळ्यांना इकडेच घेऊन आले."

तिच्यामागे पॅसेजच्या टोकापर्यंत शिस्तीत रांग लागली होती. पहिल्या आजोबांनी शर्टाची बाही आधीच वर सारून ठेवली होती.