पाचवं काम

भंडाऱ्यातल्या एका छोट्या खाजगी कार्यालयात हर्षा प्रोग्रॅम लिहायची. गावोगावच्या तलावांची पाणीपातळी तिथे रोज यायची. आकडे गोळा करायचे, त्यातल्या चुका काढायच्या, पाणी किती वेगाने चढतंय ते मोजायचं आणि गावाला संदेश पाठवायचा, अशी चार कामं. त्यांचे चार वेगळे प्रोग्रॅम लिहिले होते खुशालने. खुशाल तिचा वरिष्ठ, तिला बोट धरून शिकवणारा. गेल्या हिवाळ्यात तो तापाने गेला.

त्या श्रावणातल्या दुपारी हर्षाने त्याची चारही कामं एकाच ॲप्लिकेशनमध्ये बांधली. आता कामाचं नाव दिलं की तेवढंच काम चालणार होतं. बाहेर आभाळ इतकं दाटलं की खोलीत फक्त पडद्याचा उजेड उरला. ओल्या भिंतींच्या वासात तिला एकाएकी कडुनिंबाच्या साबणाचा वास आला. खुशालच्या हातांना यायचा तो...

पडद्यावर यादी उमटली. चार नाही, पाच नावं. शेवटचं होतं, ‘पार्वताबाईले फोन’.

ते तिने लिहिलंच नव्हतं. ती पाहत असतानाच पुढे उमटलं, ‘चालू’.

पार्वताबाई आंधळगावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, उभी राहून पातळी कळवायची. तिला संदेश वाचता येत नसे, म्हणून खुशाल स्वतः फोन करायचा. तो गेल्याचं तिला सांगायची हिंमत कोणाला झाली नव्हती.

हर्षाने नंबर लावला. व्यस्त. पुन्हा लावला. पुन्हा व्यस्त. तिसऱ्यांदा पार्वताबाईने फोन उचलला.

“मावशी, कोणाशी बोलून राहिली होती?”

“खुशालसंग, बाई. किती दिवसानं आठवण आली त्याले! म्हणे, मावशी, पाळीवरून उतर... आत्ताच्या आत्ता उतर. उतरली मी.”

तेवढ्यात फोनमधून जमीन फाटल्यासारखा आवाज आला. मग बराच वेळ नुसता पाऊस.

“पाळ गेली वो...” पार्वताबाई म्हणाली. “मी उभी होती ना, तेथूनच गेली.”

हर्षाने पुन्हा यादी उघडली. कामं चारच. फक्त नोंदींच्या तळाशी एक ओळ राहिली होती: पाचवं काम पूर्ण. पुढची वेळ शुक्रवार, दुपारी चार दहा. त्यापुढे नंबर होता बपेरा गावात एकट्या राहणाऱ्या हर्षाच्या आईचा.

दुसऱ्याच दिवशी एसटीने जाऊन हर्षा आईला भंडाऱ्याला घेऊन आली. कारण सांगितलं नाही.

शुक्रवारी आई भाजी निवडत बसली होती. चार दहाला तिचा फोन वाजला.

“हो बाबू... आली मी पोरीजवळ. हो, जेवली.” आई हसली.

“कोण आहे, आई?”

“तुह्या हापिसातला. लय गोड बोलते.” आईने फोन तिच्यापुढे धरला. “घे. म्हणते, आता हर्षाले दे.”