वीतभर लांब चादर

"ओ ताई, थांबा! डिझाइनवर पाय पडतोय की तुमचा!"

हिप्परग्याच्या तळ्याकाठी, वाळलेल्या चिखलात पायल एका पायावर थबकली. समोर एक तरुण ओणवा होऊन भेगांचे फोटो काढत होता. हा अमरेश. घरी यंत्रमाग, आणि चादरींची डिझाइनं करणं हे याचं काम. पायल कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. 'ताई' मात्र तिला मुळीच आवडलं नाही.

"भेगांचं कसलं डिझाइन?"

"बघा की! कुणी आखल्या असतील एवढ्या झ्याक?"

"कुणीच नाही. चिखल वाळताना आकसतो, चहूकडून ओढला जातो आणि तडकतो. थर पातळ तर खपल्या बारीक, थर जाड तर मोठ्या."

तो बघतच राहिला... भेगांकडे नव्हे.

पुढच्या आठवड्यात स्वारी तोंड पाडून कॉलेजच्या फाटकात हजर! तेच चित्र फुगवून त्यानं चादरभर विणलं होतं, आणि चादर दिसत होती फुटक्या फरशीसारखी.

पायल खळखळून हसली. "नुसतं फुगवून कसं चालेल? मुंगी हत्तीएवढी केली तर तिचे पाय मोडतील. माप बदललं की घडणही बदलावी लागते."

"मग रोज शिकवा की! फी म्हणून शेंगाचटणी देतो."

चटणी संपत गेली, भेटी वाढत गेल्या. पायल पुरती प्रेमात पडली... आणि घाबरली. ती अमरेशपेक्षा चार बोटं उंच होती. उंचीपायी दोन स्थळं मोडलेली, म्हणून त्याच्याशेजारी ती पोक काढूनच चालायची. त्यानंही तेच कारण सांगितलं तर?

आज त्यानं तिला घरी बोलावलं. त्याच्या आईनं, सुंदरम्मांनी, तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अय्यो, पोरगी लई उंच हाय की!"

पायल जायला वळली.

"म्हणून तर—" अमरेशनं घाईघाईनं नवी चादर उलगडली. बारीक, दाट खपल्यांची... सुरेख! "नेहमीपेक्षा वीतभर लांब विणलीय. बाजारात न्हाय चालायची. लोक अंथरूण पाहून पाय पसरतात, मी पाय पाहून अंथरूण विणलं. पायल... येशील या घरात?"

पायल ताठ उभी राहिली. "येणार! लगेच येणार!"

सुंदरम्मांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"मग चौकट बी वर घ्यावी लागंल की. माझ्या सुनेनं वाकून का म्हणून यायचं?"