तेजस्वीला न पटलेली घारूबाई

"कॅमेऱ्याकडं बघ, माझ्याकडं नको," राजवीर मोबाइल सावरत म्हणाला. "आणि लवकर आटप. बॅटरी संपत आलीय."

तेजस्वीने घसा खाकरला. नाताळची सुट्टी नुकतीच लागली होती आणि कसबा बावड्यातल्या वाचनालयाच्या आक्कांनी मुलांना एक झकास काम दिलं होतं. ‘गव्हर्नेस घारूबाई’ ही विनोदी रहस्यमाला वाचायची आणि आपलं मत मोबाइलवर बोलून द्यायचं. आता ही घारूबाई कोण? तर एका इनामदारांच्या तीन कार्ट्यांना वळण लावायला ठेवलेली बाई. काटा-चमचा कसा धरायचा ते शिकवता शिकवता ती चोर पकडते, आणि चोराआधी मुलांचे कान पिळते.

मृत्युंजयने आपलं मत सगळ्यात आधी दिलं होतं. वाचताना तो इतका हसला म्हणे, की आईने त्याला भरल्या ताटावरून उठवलं. राजवीरचं मत ‘लई भारी’ या दोन शब्दांत आटोपलं. पण तेजस्वी म्हणजे फळ्यावरच्या चुका काढून मास्तरांना घाम फोडणारी मुलगी. ती घारूबाईला सोडते होय!

"हसायला येतं, पण पटत नाही," ती कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली. "चौथ्या भागात पहारेकरी घारूबाईचं काही ऐकूनच घेत नाहीत. मग ती, आधी जेवायचं कुणी, यावरून त्यांच्यात भांडण लावते, आणि ते पहारा सोडून एकमेकांच्या अंगावर धावतात. मोठी माणसं इतकी येडी असतात का?"

शूटिंग झालं ते वाचनालयाच्या पायरीवर. मागे रस्ता, आणि रस्त्यावर कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांची ही लांबलचक रांग. हंगामात हे रोजचंच. रांग थांबली, की आसपासची पोरं ट्रॉलीतून ऊस ओढायला धावतात, रांग हलली की पळतात. ड्रायव्हर शिव्या देतात आणि पुन्हा कानठळ्या बसवणारी गाणी लावून बसतात.

तिघांनी पायरीवरच डोकी एकत्र करून व्हिडिओ बघायला घेतले. मृत्युंजयच्या मतात त्याच्या खांद्यामागे लाल स्वेटर दिसत होता. ती शांभवी, त्याची सहा वर्षांची बहीण. एका ट्रॉलीतला ऊस दोन्ही हातांनी ओढत होती. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर गदा घेतलेला पैलवान रंगवला होता. राजवीरच्या मतात तो लाल स्वेटर थेट उसाच्या ढिगावर चढलेला दिसला. राजवीरला हसू आलं.

तेजस्वीचा व्हिडिओ लागला. ट्रॉली तिथेच होती, पण ढिगावर कुणी नव्हतं. तेजस्वी घारूबाईची खरडपट्टी काढत असताना मागे तो पैलवान हळूहळू सरकू लागला आणि दिसेनासा झाला. शांभवी खाली उतरलेली कुठेच दिसली नाही.

मृत्युंजयने व्हिडिओ पुन्हा लावला. मग उठून रस्त्यावर धावला, हाका मारत कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. शांभवी कुठेच नव्हती. उसाच्या मोळ्या रचताना मध्ये खाचा राहतात, त्यातलीच एखादी तिने गाठली असणार.

"कारखान्यात ट्रॉली हाताने रिकामी करत नाहीत," तो कसाबसा म्हणाला. "क्रेनला अडकवतात आणि एका दमात सगळा ऊस खाली ओततात. खाली ऊस तोडणारी पाती फिरत असतात."

राजवीरने आक्कांना हाक मारली. आक्का आतून धावत आल्या. त्यांनी कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला. रस्त्यावर एका मोटारसायकलवाल्याला हात केला, तर तो ‘घाईत हाय’ म्हणून निघून गेला. मग त्या मृत्युंजयच्या वडिलांना आणायला त्याच्या घराकडे पळाल्या आणि ही तिघं सायकली काढून रांगेच्या कडेने सुटली.

एकामागून एक ट्रॉल्या मागे पडत होत्या. कुणाच्या फळीवर बैलजोडी, कुणाच्या फळीवर गरुड, पैलवान काही दिसेना. मृत्युंजयला पायडल जाणवत नव्हतं. अखेर कारखान्याची कमान दिसू लागली आणि कमानीच्या अलीकडे, मोजून दोन ट्रॅक्टर सोडून, पैलवान सापडला.

ड्रायव्हर केरबा शिरोळकडचा. स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून बसला होता. डोक्यामागे दोन मोठे स्पीकर धडाडत होते. आत लहान मुलगी आहे म्हणून तिघंही शेजारून जीव तोडून ओरडले. मृत्युंजयने ट्रॉलीवर चढायला पाय टाकला, तसा केरबा चाबूक उगारावा तसा टॉवेल उगारून वाकला.

"ऊस न्हाय मिळायचा! व्हा बाजूला, चाकाखाली याल!"

त्याने गाण्याचा आवाज आणखी वाढवला. पुढचा ट्रॅक्टर कमानीतून आत गेला, आणि पैलवानही एक ट्रॅक्टरभर पुढे सरकला.

तेजस्वी क्षणभर जागच्या जागी उभी राहिली. खरं सांगून झालं होतं. खरं कुणी ऐकत नव्हतं. मग तिने सायकल गर्रकन वळवली आणि मागच्या ट्रॅक्टरांकडे गेली. तिथे आदल्या दिवसापासून ताटकळलेले, डोळे तांबारलेले ड्रायव्हर चहा पीत उभे होते. मघाशी येताना तिघांनी यांनाही सांगून पाहिलं होतं, पण ऊस मागणारी पोरं समजून त्यांनी हाकललं होतं. ती त्यांच्यासमोर जाऊन बेंबीच्या देठापासून ओरडली.

"काका, तो पैलवानवाला लाईन मोडून मधनंच घुसला!"

अशा रांगेत दुसरं काहीही खपतं, लाईन मोडलेली खपत नाही. चहाचे कप तिथेच पडले. ड्रायव्हरांचा तो घोळका शिव्या घालत धावला. दोघं केरबाच्या ट्रॅक्टरसमोर आडवे उभे राहिले. पिकल्या मिशांच्या गणपतरावांनी तर वर चढून किल्लीच काढून घेतली.

इंजिन बंद पडलं, गाणं थांबलं. केरबा तणतणत होता, की तो कालपासून याच रांगेत आहे. मृत्युंजयने तोवर ट्रॉलीची कड गाठली होती.

"गप बसा की सगळे!" तो कळवळून म्हणाला. "माझी बहीण आहे ह्यात!"

सगळे गप्प झाले. उसाच्या आतून, खोलवरून, बारीकसं रडणं ऐकू आलं.

मग कुणालाच काही सांगावं लागलं नाही. भांडायला आलेले तेच हात मोळ्या उपसू लागले. शांभवी दोन मोळ्यांच्या मध्ये अडकली होती. गाल पाचटाने कापले होते, ओरडून ओरडून आवाज बसला होता. मृत्युंजयने तिला उचलून पोटाशी धरलं. केरबा रस्त्यावरच मटकन बसला.

"मला वाटलं, ऊस मागाय आल्यात," तो परत परत म्हणत राहिला.

गणपतरावांनी तेजस्वीकडे पाहिलं. "म्हंजे लाईन मोडलीच न्हवती व्हय गं?"

"नाही," तेजस्वी म्हणाली. "खोटं बोलले. खरं सांगितलं, ते कुणी ऐकलंच नाही."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. तेवढ्यात आक्का आणि मृत्युंजयचे वडील रुद्राप्पा स्कूटरवरून येऊन पोचले. रुद्राप्पांनी लेकीला छातीशी घेतलं आणि भर रस्त्यात हुंदके देऊन रडले. आक्कांनी तिघांना एकदमच कवेत घेतलं.

"पावणं," गणपतराव रुद्राप्पांना म्हणाले, "ही पोरं आज नसती, तर आम्ही तोंड दाखवायच्या लायक राह्यलो नसतो. लई शानी पोरं हायत."

मग ते वळले आणि गुडघ्यावर हात टेकत स्वतःच्या ट्रॉलीवर चढले. एकेक मोळी हलवून आत बघू लागले. शेजारच्याने ते पाहिलं आणि तोही चढला. पुढे कमान मोकळी पडली होती, पण कुणी ट्रॅक्टर हलवला नाही. पार मागेपर्यंत सगळे ड्रायव्हर आपापल्या ट्रॉलीवर चढून, वाकून, उसात कान लावून बघत होते.