दुसऱ्या मनोऱ्याचा नकाशा

"छिन्नी याचीच आहे. घेऊन जा याला!" फादर कडाडले.

इन्स्पेक्टरबाईंनी जवळ पडलेली छिन्नी उचलून फोडलेल्या कपाटात डोकावून पाहिले. चर्चचा तीनशे वर्षांपूर्वीचा मूळ नकाशा नाहीसा झाला होता. दर्शनी दोन मनोऱ्यांपैकी डावा मागाहून जोडलेला आहे, तो पाडून रस्ता रुंद करावा, असा एका बिल्डरचा अर्ज होता. दुपारी समिती निकाल देणार होती. दोन्ही मनोरे मूळचेच, याला पुरावा एकच होता. तो नकाशा.

"कपाटाची चावी माझ्याच कमरेला आहे," म्हातारा पाथरवट गुरगुरला. तीस वर्षे तो याच दगडांची डागडुजी करत होता. "कुलूप फोडायला मला वेड लागलंय?"

"साळसूदपणाचा आव आणू नकोस," फादर म्हणाले. "यांनी तुला पळताना पाहिलंय."

'यांनी' म्हणजे तोच अर्जदार बिल्डर. तो बाकावर पाय पसरून बसला होता. दर्शनी भिंतीच्या रंगीत काचांतून आलेले सकाळचे ऊन थेट समोरच्या वेदीवर पडले होते.

"इथे नेहमी येता?" बाईंनी त्याला विचारले.

"छे! आज पहिल्यांदाच. मी उंच इमारती बांधतो, चर्चं नाही."

"नकाशा पाहिला होतात?"

"कधीच नाही."

"याला कुठे पाहिलंत?"

"सकाळी सातला. वेदीमागच्या पूर्वेच्या दारातून भेंडोळं घेऊन पळाला. दार उघडलं तसं ऊन माझ्या डोळ्यांत आलं, तरी ओळखला."

"जीभ झडेल तुझी!" पाथरवट ओरडला.

बाईंनी वेदीमागचे दार उघडले. बाहेर गार सावली होती.

"फादर, नकाशात ही बाजू कोणती लिहिली होती?"

"पूर्व. वेदी पूर्वेला मानायचा जुना प्रघात आहे. प्रत्यक्षात रस्ता पूर्वेला, म्हणून दर्शनी भाग तिकडे गेला आणि वेदी पश्चिमेला आली. नकाशा काढणाऱ्याने मात्र प्रघात पाळला."

"या बाजूला 'पूर्व' आणखी कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही."

बाई बिल्डरकडे वळल्या. "मग तुम्हाला हे नकाशानेच शिकवलं. काल दुरुस्तीच्या गडबडीत तुम्ही परांचीवरची छिन्नी उचललीत. कुलूप फोडलंत, कारण चावी नव्हती. साक्षही नकाशा पाहूनच रचलीत. दार पूर्वेचं म्हटल्यावर त्यात सकाळचं ऊनही घालावं लागलं. सातला इथे ऊन येतच नाही."

हवालदाराने बिल्डरच्या गाडीतून भेंडोळे आणले.

"दगडांचा ढीग नुसता!" बिल्डर फुत्कारला. त्याला बाहेर नेण्यात आले.

फादर घसा खाकरत पाथरवटाजवळ आले. "गैरसमज झाला, बाबा. समितीपुढे येशील ना?"

"येईन," पाथरवट त्यांच्याकडे न पाहता म्हणाला. "मनोऱ्याने मला कधी चोर म्हटलं नाही."