उणे पंचवीसचा उन्हाळा

"ताई, गाडीले बोअरचं पाणी पाजू नका. इंजिन थंड ठेवाले कूलंटच टाका," गॅरेजवाल्या वासुदेवभाऊंनी स्वरूपाला बजावलं होतं.

"भाऊ, आम्ही पितो ते पाणी गाडीला चालत नाही होय?" असं म्हणून ती हसली होती, आणि घरी जाऊन बादलीभर बोअरचं पाणी गाडीत ओतून मोकळीही झाली होती.

महिन्याभरात गाडी भर रस्त्यात उकळली. झाकणाखालून पाण्याची चिळकांडी उडाली आणि इंजिन बंद पडलं. आता दोन दिवसांच्या दुरुस्तीनंतर ती वरोऱ्याच्या गॅरेजात उभी होती, पण सुरू होत नव्हती. बाहेर पारा सत्तेचाळीसवर होता. बाराचा भोंगा होऊन गेला होता. उन्हाळ्यात भोंग्यानंतर चारपर्यंत माणसांनी कामं बंद ठेवायची, असा नियमच होता. बस नाही, रिक्षा नाही. वासुदेवभाऊही शेवटचा पाना ठेवून घरी गेले होते.

आणि चौदा किलोमीटरवरच्या खैरगावात सिंधूमावशी एकटी होती. गावातली वीज पहाटेपासून गेलेली. स्वरूपाला लहानाची मोठी करणारी ही मावशी. तिला घरी आणायचं ठरलं होतं. दहा वाजता ती फोनवर "हो... बरी आहे" म्हणाली होती. त्यानंतरचे तीन फोन नुसते वाजत राहिले.

"झोपली असेल," स्वरूपा चौथ्यांदा म्हणाली आणि तिनं पुन्हा किल्ली फिरवली. खर्र, खर्र, खर्र. बस्स.

"थांबा," मागून आवाज आला. "काहून फिरवता?"

स्वरूपाची दहा वर्षांची मुलगी जुई खुदकन हसली. गॅरेजातल्या या यंत्रमानवाचं नावच काहून. वासुदेवभाऊंनी त्याला एकच गोष्ट पक्की शिकवली होती: पाना उचलायच्या आधी 'काहून?' म्हणजे 'का?' विचारायचं.

"अरे, सुरू व्हावी म्हणून!" स्वरूपा वैतागली.

"इंजिन फिरतंय, म्हणजे बॅटरी ठीक आहे," काहून शांतपणे म्हणाला. "इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल आणि ठिणगी. जुई, वास घे बरं."

जुईनं नाक मुरडलं. "ई! नुसतं पेट्रोल!"

"म्हणजे पेट्रोल येतंय, आणि जरा जास्तच." काहूननं आपल्या लांब बोटांनी एक स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारी कांडी) काढला. तो पेट्रोलनं निथळत होता. "ओल्या काडीनं चूल पेटते का? तसंच हे. पण ओतलं कुणी?"

त्यानं गाडीच्या संगणकाला आपली तार जोडली. गाडी तीस वर्षांची, त्यामुळे तिचा संगणकही तसाच, जुना आणि भोळा. काहूननं विचारलं, "इंजिन किती गरम आहे?"

काहूनच्या पडद्यावर उत्तर उमटलं: उणे पंचवीस.

"उणे? आपल्या वरोऱ्यात?" जुईचा विश्वासच बसेना. "याला काय बर्फात बसल्यासारखं वाटतंय?"

"तसंच वाटतंय. हिवाळ्यात ओले कपडे लवकर वाळतात का?"

"नाही."

"थंडीत पेट्रोलचीही वाफ नीट होत नाही. म्हणून इंजिन थंड असलं की संगणक जास्त पेट्रोल सोडतो. याला वाटलं, कडाक्याची थंडी आहे. सोडत बसला."

"पण असं खोटं त्याला सांगितलं कुणी?"

काहूननं इंजिनाच्या कडेला उजेड पाडला. तिथे अंगठ्याएवढा तापमान-संवेदक (किती गरम आहे ते कळवणारा भाग) होता. त्याच्या पिनेवर पांढरी खपली धरली होती.

स्वरूपानं ती लगेच ओळखली. घरी पाणी तापवायच्या तपेल्याच्या बुडाशी अशीच खपली बसायची. बोअरच्या पाण्यातले क्षार! त्यांनीच गाडीच्या आतल्या नळ्या चोंदवल्या होत्या. आणि गाडी उकळली तेव्हा उडालेलं पाणी या पिनेवर वाळलं होतं.

"भोंगा झाला म्हणून भाऊंनी ही पिन न पुसताच खोचली," काहून म्हणाला. "आता ऐका. हा संवेदक गरम झाला की त्यातून वीज जास्त वाहते, म्हणजे तो जोरात बोलतो. थंड असला की हळू बोलतो. पण मध्ये खपली आली की जोरात बोललेलंही हळूच पोचतं. संगणक भोळा. त्याला आवाज हळू आला, म्हणून तो म्हणाला, सगळं थंड आहे."

काहून पिन खरवडू लागला. जुई मात्र आईकडे बघत राहिली.

"आई, सकाळी सिंधूआजी पण हळू बोलली."

"हो ना, शांत वाटली."

"पण आजी कधी शांत असते? रोज तुला म्हणते, 'मेली नाही अजून, कशाला सारखा फोन करते भवाने!' आज भवाने नाही म्हणाली."

मावशीचा आवाज उन्हानं खाली आला होता, हे स्वरूपाला आता कळलं.

तिनं आरोग्यकेंद्राला फोन लावला. गाडी पाठवतो, पण पाऊण तास लागेल, असं उत्तर आलं. तोवर कुणी पोचलं तर सावलीत न्या, अंग ओलं करा, वारा घाला. नीट शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

"काहून, लवकर!"

टक! पिन बसली. पडद्यावर आकडा चढला: सत्तेचाळीस. काहूननं बाकीचेही प्लग काढले आणि सगळे पुसून परत बसवले. "आता ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा. या गाडीत त्यानं पेट्रोल थांबतं, नुसती हवा जाते. आतलं ओलं सुकेल."

खर्र, खर्र, खर्र. खर्र... फट्... आणि इंजिन गुरगुरलं.

"पाय सैल सोडा!" काहून ओरडला. जुईनं गॅरेजातला पाण्याचा कॅन उचलून मागच्या सीटवर टाकला.

खैरगावात मावशीचं दार नुसतं लोटलेलं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, कातडी कोरडी, आणि ओठ काहीतरी भलतंच पुटपुटत होते. स्वरूपानं पलंगावरची चादर भिजवून तिच्या अंगावर टाकली. जुई सुपानं वारा घालत राहिली. हात भरून आले तरी थांबली नाही. आरोग्यकेंद्राची गाडी आली तेव्हा मावशीनं नुकतेच डोळे किलकिले केले होते.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात स्वरूपानं विचारलं, "मावशी, बरी आहेस?"

"मेली नाही अजून! सारखं काय विचारते भवाने!" अख्ख्या वॉर्डानं मान वळवली.

स्वरूपाला हसू आलं आणि रडूही.

आता जुई आणि काहून मिळून एकट्या राहणाऱ्या आजीआजोबांसाठी मनगटी पट्टा बनवताहेत. आवाज नेहमीपेक्षा हळू आला की तो पट्टा गप्प बसणार नाही. तो विचारेल, "काहून?"

पण तो तयार व्हायला अजून वेळ आहे आणि ऊन तर आजही आहे. म्हणून स्वरूपा तुम्हाला विचारते: तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत, नेहमी मोठ्यानं बोलणारं कुणी आज हळू आवाजात "बरी आहे" म्हणालं का? मग हे पान असंच उघडं ठेवा. आधी मोठ्या माणसाला घेऊन त्यांच्या दारापर्यंत जाऊन या.